विमानताफ्याचे नूतनीकरण

विमानताफ्याचे नूतनीकरण : जुनी झालेली विमाने टप्प्याटप्प्याने काढून त्यांच्या जागी नवी आणण्याची विमान कंपन्यांची पद्धत. नव्या विमानांची मागणी नोंदवणे, हप्ते भरणे, ताबा घेणे आणि जुनी विमाने विकणे, भाडेकरार संपवून परत करणे किंवा मोडीत काढणे हा सगळा व्यवहार तीत येतो. तो एका कंपनीत पाच-दहा वर्षे चालतो. कित्येकदा ऑर्डरवर सही करणारा अधिकारी विमान येईपर्यंत त्या खुर्चीवर नसतो.

विमान ‘जुने’ कधी होते, हा यातला खरा प्रश्न. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा माणूस जन्मतारीख विचारत नाही, ओठ वर करून दात पाहतो. जुना ट्रॅक्टर घेणाराही मॉडेलच्या सालाआधी मीटरवरचे तास बघतो. विमानाचे वय वर्षांत मोजतात, उड्डाणतासांत मोजतात आणि सायकलींतही मोजतात. एकदा उडून एकदा उतरले की एक सायकल. उंचावर हवा विरळ असल्याने केबिनमध्ये दाब भरावा लागतो. त्या दाबाने विमानाचा पत्रा किंचित फुगतो, खाली आल्यावर पूर्ववत बसतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा हा पत्राही रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) भोकांपाशी थकत जातो. मुंबईहून लंडनला जाणारे विमान नऊ-दहा तासांत एकच सायकल खर्चते. तेवढ्याच वेळात मुंबई-छत्रपती संभाजीनगरसारख्या जवळच्या मार्गावर पाच-सहा सायकली सहज होतात. म्हणून जवळच्या फेऱ्या करणारे विमान वर्षांच्या मानाने लवकर म्हातारे होते.

हे जगाला ठळकपणे दिसले ते हवाई बेटांवर. 28 एप्रिल 1988 रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737-200 विमानाचे, 24,000 फुटांवर असताना, पुढच्या भागातले छप्पर उडून गेले. विमान 19 वर्षांचे होते, पण त्याच्या सायकली 89,680 झाल्या होत्या, शिवाय समुद्राची खारी हवा होतीच. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. बाकीचे सगळे, उघड्या विमानात बसून, जिवंत उतरले. विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ पत्र्याला पडलेली भेग दिसली होती. तिने ती कोणाला सांगितली नाही. या घटनेनंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम कडक झाले.

मराठवाड्यात जुन्या विमानाचा विषय निघाला की छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरचा अपघात आठवतोच. 26 एप्रिल 1993 रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान उड्डाण करताना धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले आणि 118 जणांपैकी 55 जण दगावले. हेही बोइंग 737-200च होते, आणि 1974 पासून सेवेत असल्याने तेही 19 वर्षांचेच. पण चौकशीत ठपका आला तो वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलण्यावर व रस्त्यावरची वाहतूक न रोखण्यावर. विमानाच्या वयावर नव्हे. नीट देखभाल केलेले वीस-पंचवीस वर्षांचे विमान बिनघोर उडते. ते काढले जाते बहुधा खर्चामुळे.

भारतात विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा ढोबळमानाने तीस ते चाळीस टक्के असतो. एअरबस ए320निओ हे आधीच्या ए320 पेक्षा सुमारे 15 टक्के इंधन कमी जाळते. दुसरा खर्च मोठ्या तपासणीचा. तिच्यासाठी विमान हँगरमध्ये कित्येक आठवडे अडकते : खुर्च्या, गालिचे, फळ्या, आतले पत्रे काढून सांगाडा उघडा करतात आणि रिव्हेटच्या रांगा तपासतात. तितके दिवस विमान कमावत नाही. इंडिगोने यावर काढलेला तोडगा म्हणजे नवे विमान विकत घ्यायचे, लगेच भाडेपट्टा कंपनीला विकून तिच्याकडूनच भाड्याने चालवायचे आणि साधारण सहा वर्षांत, मोठ्या खर्चाची वेळ येण्याआधी, परत करायचे. नव्या नवलाईची वर्षे आपली, म्हातारपण दुसऱ्याचे!

ऑर्डरीचे आकडे डोळे दिपवणारे असतात. टाटा समूहाकडे 2022 मध्ये आलेल्या एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 विमानांची घोषणा केली (एअरबस 250, बोइंग 220), तर जूनमध्ये इंडिगोने एकाच सहीत ए320 कुळातली 500 विमाने मागवली. पण ही 500 विमाने 2030 ते 2035 या काळात यायची आहेत. एअरबसने 2024 च्या अख्ख्या वर्षात जगभर मिळून 766 विमाने दिली, यावरून रांग किती लांब असेल ते समजते. तोवर या बाजारातल्या तुरीच. दरम्यान जुन्या विमानांच्या खुर्च्या आणि आतली सजावट बदलून काम भागवावे लागते.

नवे म्हणजे निर्दोष, असेही नाही. दोन अपघातांत 346 माणसे गेल्यावर मार्च 2019 मध्ये बोइंग 737 मॅक्स जगभर जमिनीवर बसवण्यात आले. 2023 मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांचे भाग ज्या धातूच्या भुकटीपासून बनवले होते तिच्यात दोष निघाला आणि इंडिगोची कित्येक नवी कोरी विमाने इंजिनांवाचून उभी राहिली.

मराठवाड्याचा प्रश्न विमानाच्या वयाइतकाच त्याच्या आकाराचा आहे. 180 आसनांचे ए320 संभाजीनगरला भरते, नांदेडला रोज भरेलच असे नाही. 27 एप्रिल 2017 रोजी लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेतल्या पहिल्या काही मार्गांत नांदेड-हैदराबाद सुरू झाला तो ट्रूजेटच्या एटीआर 72 या सत्तरेक आसनांच्या पंखेवाल्या विमानाने. पुढच्याच महिन्यात इंडिगोने 50 एटीआर घेण्याचे जाहीर केले. ट्रूजेट 2022 मध्ये बंद पडली. 2024 मध्ये स्टार एअरची 76 आसनी एम्ब्रेयर 175 विमाने नांदेडला येऊ लागली. पाचशेच्या बातमीने इथे हुरळून जाणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे, कारण त्या पाचशेत असे लहान विमान एकही नाही. लातूरला धावपट्टी आहे, इमारत आहे. नियमित प्रवासी सेवा मात्र टिकलेली नाही. तिथे उतरतात ती बहुधा पुढाऱ्यांची आणि उद्योजकांची खासगी विमाने.