सायकल आणि मोटार : टकरीमागचा इतिहास

३० मे १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका मोटारीने सायकलस्वाराला उडवले. स्वाराचा पाय मोडला, चालकाला रात्र कोठडीत काढावी लागली. अमेरिकेत मोटारींची विक्री जेमतेम सुरू झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

चांगल्या रस्त्यांची मागणी तिथे आधी सायकलवाल्यांनीच लावून धरली होती. १८८० मध्ये स्थापन झालेली 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही त्यांची संघटना त्यात पुढे होती. रस्ते सुधारले, त्यावर मोटारींनी वेग धरला आणि सायकलस्वार तिथे उपरा ठरला. लंडनच्या वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर १९३४ मध्ये सायकलींसाठी वेगळी वाट झाली, तेव्हा सायकल संघटनांनीच तिला विरोध केला. आज हे चमत्कारिक वाटते, पण कडेची वाट दिली की मुख्य रस्त्यावरून आपल्याला हुसकावतील, ही त्यांची भीती निराधार नव्हती.

सायकलस्वाराला मागून येणाऱ्या गाडीचा धाक जास्त वाटतो. १९७७ मध्ये अमेरिकेत केनेथ क्रॉस आणि गॅरी फिशर यांनी अशा अपघातांचा बारकाईने अभ्यास केला. बहुतेक टकरी चौकात, वळणावर आणि फाटकातून रस्त्यावर येताना होतात, असे त्यात दिसले. मागून बसणारी धडक संख्येने कमी, पण जीव घेण्यात पुढे. कारण वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, आणि सायकलस्वाराभोवती पत्रा नसतो. वळणावरचा प्रकार वेगळा. ट्रक कडेच्या बाजूला वळतो, त्याच बाजूने सायकल सरळ चाललेली असते. ती आरशात दिसत नाही, आणि ट्रकची मागची चाके पुढच्यांपेक्षा आतून वळत असल्याने सायकल थेट त्यांच्याखाली येते. अशा वेळी 'सायकलवाला मध्ये आला' म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

हा दृष्टिकोन बदलला तो नेदरलँड्समध्ये, आणि त्याची किंमत भयंकर होती. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले. पत्रकार विक लांगेनहोफ यांची लहान मुलगीही मोटारीच्या धडकेत गेली. १९७२ मध्ये त्यांनी 'बालहत्या थांबवा' अशी हाक देणारा लेख लिहिला, आणि त्याच नावाने आईबापांची चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या. मोकळे रस्ते कसे दिसतात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे तिथे सायकलींच्या वाटा स्वतंत्र झाल्या. चौकाच्या कोपऱ्यावर उंचवटे आले, त्यामुळे मोटारीला हळू आणि काटकोनात वळावे लागते. सायकलस्वार चालकाच्या अगदी समोर, काचेतून दिसतो. कायद्यानेही भार मोटारवाल्यावर टाकला : चौदा वर्षांखालच्या मुलाला धडक बसली, तर मुलाची चूक असली तरी, अगदी अपवाद सोडता, पूर्ण भरपाई मोटारवाल्याच्या बाजूनेच द्यावी लागते.