फ्रीजरमधला उंदीर आणि पेटीतला साप

साप पाळणाऱ्या घरात भांडण होतं ते सापावरून नाही, फ्रीजवरून. नागपूरच्या धरमपेठेत ओळखीच्यांकडे एक बॉल पायथन, म्हणजे छोटा परदेशी अजगर आहे, जेमतेम साडेतीन फुटांचा. तो मुलाच्या खोलीत राहतो याबद्दल घरात कुणाची हरकत नाही. पण कुल्फीच्या साच्यांशेजारी पिशवीत आखडून पडलेले पांढरे उंदीर दिसले, तेव्हा काकूंनी एका वाक्यात निकाल लावला, "माह्या फ्रीजमंधे हे चालणार नाही, सापाले वेगळा फ्रीज आण." काकूंचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर आहे. गोठवल्याने उंदरांतले साल्मोनेलाचे, म्हणजे माणसाला जुलाब-ताप आणणारे जंतू मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात. अमेरिकेत 2010 साली सापांसाठी विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या उंदरांमुळेच माणसांमध्ये या जंतूची साथ आली होती.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. आपल्याकडचा अजगर पाळणं हा गुन्हा आहे. तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्यासाठी 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला; 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. एवढं करून साप घरी आला, की खरा प्रश्न सुरू होतो तो त्याच्या जेवणाचा.

जिवंत उंदीर पेटीत सोडायचा आणि भोवती जमून मजा बघायची, हा प्रकार काहींना फार आवडतो. मला त्यात क्रूरपणा तर दिसतोच, शिवाय सापाचंही नुकसान दिसतं. रानात उंदराला पळून जाता येतं, पेटीत नाही. सापाला भूक नसेल किंवा तो कात टाकायच्या बेतात असेल, तर तो एका कोपऱ्यात वेटोळं करून बसतो. उंदराला मात्र भूक लागतेच. मग तो सापाची पाठ कुरतडायला लागतो आणि साप बरेचदा हलतसुद्धा नाही. मणक्यापर्यंत खाल्लेल्या पाठीचे साप पशुवैद्यांकडे येतात ते असे. घरातल्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर फुकटात मिळतो म्हणून देणं तर त्याहून वाईट. तो आदल्या रात्री शेजाऱ्यांकडची विषाची वडी खाऊन आलेला नाही, हे कुणी सांगावं?

म्हणून मेलेला, गोठवलेला उंदीर. तो रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा, सकाळपर्यंत बर्फ सुटतो. मग पिशवीसकट कोमट पाण्यात, साधारण 38 ते 40 अंशांवर. पाणी उकळतं असेल तर पोटाची कातडी मऊ पडते आणि सापाने पिळताच उंदीर फुटतो. मायक्रोवेव्हचं नावच काढू नका. बाहेरून तो शिजतो, आत बर्फ तसाच राहतो आणि कधीकधी फुटतोसुद्धा. मग ते मशीन पुसायला कोणी तयार होत नाही. पोट बोटाने दाबून बघावं. आत गारगोटीसारखं काही लागलं तर अजून वेळ आहे. शेवटी उंदीर कागदाने कोरडा करायचा, कारण ओल्या केसांना पेटीत अंथरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा (कोकोपीट) चिकटतो आणि तो सापाच्या तोंडात जातो.

हा सगळा खटाटोप तापमानासाठी. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर खाचांची एक रांग असते. त्या खाचांतल्या मज्जातंतूंना समोरच्या गरम वस्तूची उष्णता जाणवते. ती टिपणारं प्रथिन कोणतं, हे 2010 मध्ये कळलं. त्याचं नाव टीआरपीए1. हेच प्रथिन आपल्यातही आहे, पण आपल्याकडे ते मोहरीचा झणका ओळखतं! गार उंदीर सापाच्या लेखी जवळजवळ नसतोच. आणि उंदीर कोमट, पण धरणारा हात 34 अंशांचा आणि उंदराच्या वासाचा असेल, तर साप हाताला धरतो. त्यात सापाचा दोष नाही. एक फुटाचा चिमटा घ्यावा, उंदराचं डोकं धडापेक्षा थोडं जास्त गरम ठेवावं.

साप झेप घेतो, दोन वेटोळी टाकतो आणि आवळतो. आवळल्याने श्वास कोंडून भक्ष्य मरतं, असं आपण शाळेत शिकलो. 2015 मध्ये अमेरिकेतल्या स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत दाबमापक बसवून ते उंदीर बोआ सापांना दिले; हेही अजगरासारखे आवळून मारणारे. 6 सेकंदांत धमनीतला दाब निम्म्यावर आला. म्हणजे रक्तच फिरायचं थांबतं. श्वास कोंडायची वेळ येण्याआधी मेंदू आणि हृदय हरतात. त्याआधी 2012 मध्ये याच गटाने मेलेल्या उंदरांत खोटं, धडधडणारं हृदय बसवलं होतं. धडधड चालू असेपर्यंत बोआ जास्त वेळ आणि जास्त जोरात आवळत राहिले. चिमट्यातला मेलेला उंदीर पाळणारे हलवून दाखवतात, वेटोळ्यात गेल्यावरही जरा ओढतात, त्यामागे हेच आहे.

गिळून झालं की आतलं काम सुरू होतं. दोन जेवणांमधल्या काळात अजगरवर्गाची आतडी लग्नाचा सीझन संपलेल्या मंगल कार्यालयासारखी असतात, दिवे बंद आणि आचारी घरी. जठरात आम्लही जवळपास नसतं. जेवण आलं की एका दिवसात तिथली आम्लता आपल्या जठराएवढी होते आणि आतडी फुगतात. बॉल पायथनचा मोठा जातभाई असलेल्या बर्मीज पायथनमध्ये मोठ्या जेवणानंतर चयापचय 44 पटींपर्यंत वाढतो आणि हृदयाचं वजन दोन दिवसांत 40 टक्क्यांनी वाढल्याचं 2005 मध्ये दिसलं. पचन संपलं की सगळं परत लहान होतं.

पण हे सगळं चालायला लागणारी उष्णता सापाकडे स्वतःची नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. पेटीची एक बाजू 31-32 अंश आणि दुसरी 26 च्या आसपास हवी. नागपुरात हे राखणं म्हणजे वर्षभराची कसरत. डिसेंबरच्या रात्री पारा 10 च्या खाली जातो. पेटीखालची विजेची गरम चटई (हीट मॅट) तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडलेली नसेल तर साप एक तर भाजतो, नाहीतर गारठतो. गारठला की पाचक रस मंदावतात, पोटातला उंदीर मात्र सडत राहतो. मे महिन्यात उलटा त्रास. कूलरच्या झोतात ठेवलेली पेटी गार आणि दमट, आणि वीज गेली की तीच खोली तासाभरात 40 च्या वर. पेटी कूलरच्या समोर ठेवू नये, खिडकीतही नाही. आणि जेवणानंतर दोन दिवस साप हातात घेऊन पाहुण्यांना दाखवू नये.

तरी कधीतरी सापाला उलटी होते. अर्धवट पचलेला, बिनकेसांचा करडा गोळा आणि दोन खोल्या पलीकडे जाणारा वास. त्याला लगेच दुसरा उंदीर देण्याची घाई बहुतेक जण करतात. आम्लाने अन्ननलिका आधीच सोललेली असते, त्यामुळे दुसराही बाहेर येतो. दोन आठवडे नुसतं पाणी, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर, एवढंच करायचं. पुन्हा उलटी झाली तर डॉक्टर. याउलट बॉल पायथन महिनोन्महिने काही खात नाही तेव्हा वजन टिकून असेल तर डॉक्टर लागत नाही, धीर लागतो.

सगळं सुरळीत झालं तर काही दिवसांनी विष्ठा मिळते. हाडं पूर्ण विरघळलेली असतात, केस मात्र पचत नाहीत, ते गुंतवळ होऊन येतात. सोबत खडूसारखा पांढरा गोळा असतो, ते सापाचं मूत्र. बरेच साप हा विधी नेमका पाण्याच्या भांड्यात उरकतात. ते भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. त्याची घासणी वेगळी, बादली वेगळी.