गोल्फला चार वेज लागतातच? नाही

बॅगेत चार वेज (जवळून चेंडू उंच उचलायचे तिरप्या तोंडाचे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या) नसले तर गोल्फ अर्धवट, हे आमच्या वर्ध्याकडच्या पोरांनाही पाठ झालंय. हे खरं नाही. नियम फक्त 14 क्लबांची मर्यादा घालतो. त्यात वेज किती, ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

आधी पिचिंग वेजच्या, म्हणजे सगळ्यात कमी तिरप्या वेजच्या, तोंडाचा कोन बघा. तो 46 अंश असेल तर सोबत 51 आणि 56 पुरतात; दोन वेजांत चार ते सहा अंशांचं अंतर असलं की झालं. पिचिंग 43चा असेल तरच चौथ्याचा विचार करा.

मला विचाराल तर बाऊन्स, म्हणजे वेजच्या तळाचा पुढच्या धारेखाली उतरणारा फुगवटा, जास्त महत्त्वाचा. पऱ्हाटी उपटलेल्या वावरात उन्हाळ्यात सराव करून बघा: काळी माती दगडासारखी, जास्त बाऊन्सचा वेज आपटून उसळतो आणि त्याची धार थेट चेंडूच्या पोटात बसते.