टेबलटॉप भूमिका-खेळांतील शस्त्रसंतुलन

कोणतेही एक शस्त्र प्रत्येक प्रसंगी सरस ठरू नये, अशा रीतीने भूमिका-खेळातील (टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या खेळातील) लढाईचे नियम बेतण्याला शस्त्रसंतुलन म्हणतात. सर्व शस्त्रांनी सारखीच इजा करावी, असा त्याचा अर्थ नव्हे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये सर्व शस्त्रांची इजा सहा बाजूंच्या एकाच फाशाने ठरे, त्यामुळे स्वस्त खंजीर सोडून जड तलवार वागवण्याचे कारणच फारसे उरत नसे. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने शस्त्रागणिक वेगळे फासे दिले आणि संतुलनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

नुसती इजा पाहून शस्त्र तोलणे फसवे असते. या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत दोन हातांच्या मोठ्या तलवारीची सरासरी इजा ७, तर एका हाताने चालवलेल्या लांब तलवारीची ४.५ येते. ताकदीचे ३ गुण मिळवले की हे आकडे १० व ७.५ होतात, म्हणजे ढालीसाठी एक हात अडकवणारा योद्धा पाव हिस्सा मारा सोडून देतो. मोबदल्यात ढाल त्याचा संरक्षणांक, म्हणजे वार लागण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा, २ ने वाढवते. वीस बाजूंच्या फाशावर शत्रूचा वार २० पैकी १० आकड्यांवर लागत असेल, तर ढालीमुळे तो ८ आकड्यांवरच लागतो आणि मार एक पंचमांशाने घटतो. मात्र भक्कम चिलखतामुळे तो मुळात ६ आकड्यांवरच लागत असेल, तर ६ चे ४ होऊन ही घट एक तृतीयांशावर जाते. ज्याला ढालीची गरज कमी वाटते, त्यालाच ती अधिक लाभते, हे शस्त्रांच्या तक्त्यावरून सहसा ध्यानात येत नाही.

बेळगाव सीमाभागातील खेळाडूंना शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीमुळे ढाल-तलवार आणि दांडपट्टा डोळ्यांच्या सवयीचे असतात. येळ्ळूरच्या राजहंसगडावर घडणारी कथा रचताना दांडपट्ट्याला केवळ मोठा फासा देणे म्हणूनच उणे वाटते. पट्ट्याची मूठ लोखंडी खोळीत असून ती पुढचा हातही झाकते, त्यामुळे शस्त्र हातातून पाडणे अवघड जाते. पण मनगट जखडल्याने वार खांद्यातून, मोकळ्या जागेत फिरवावा लागतो. तेव्हा उघड्या माळावर पट्टेकऱ्याला अनेकांना थोपवण्याची मुभा द्यावी, आणि दरवाजाच्या बोळात त्याच्या फाशातून गुण वजा करावेत, म्हणजे तिथे कट्यारीलाही तिचा मान मिळतो. वीटा, म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकून परत ओढता येतो. मात्र ओढून घेण्यात त्याची एक खेळी खर्ची पडावी.

असे अपवाद दोन-तीनच असावेत. ‘ग्रेहॉक’मध्ये प्रत्येक शस्त्राचा वार प्रत्येक चिलखताविरुद्ध लागण्यातला फरकही तक्त्यात दिला होता, दर वाराला तो तक्ता धुंडाळावा लागे, आणि २०१४ च्या नियमांत त्याचा मागमूसही नाही.