‘मस्ट’ म्हणजे किती टक्के?

इंग्रजीच्या क्लासमध्ये आणि व्याकरणाच्या गाइडांमध्ये एक तक्ता हमखास भेटतो. वर ‘मस्ट’, त्याच्यापुढे ९५ टक्के. मग ‘शुड’, मग ‘मे’ आणि तळाला ‘माइट’, त्याला जेमतेम ३० टक्के. तक्ता पाठ करायला सोपा आहे, पण त्याच्या भरवशावर इंग्रजी बोलायला गेलं की वाक्यं बिघडतात. कारण ही मोडल क्रियापदं, म्हणजे शक्यता किंवा सक्ती दाखवणारी सहायक क्रियापदं, मुळात आकडा सांगतच नाहीत. बोलणारा कशाच्या आधारावर बोलतोय, ते ती सांगतात.

‘मस्ट’पासूनच सुरुवात करू. कुणी ओली छत्री घेऊन आत आलं की इंग्रजी बोलणारा म्हणतो, ‘इट मस्ट बी रेनिंग’. तोच माणूस खिडकीत उभा राहून पाऊस बघत असेल तर हे वाक्य त्याच्या तोंडी येणार नाही, तो सरळ ‘इट इज रेनिंग’ म्हणेल. मोडलमधलं सगळ्यात ठाम क्रियापद वापरूनही वाक्य साध्या विधानापेक्षा कच्चं वाटतं, ही गंमत भाषाशास्त्रज्ञ लौरी कार्टुनेन यांनी १९७२ मध्ये मांडली. काई फॉन फिन्टेल आणि अँथनी गिलीज यांनी २०१० मध्ये तिचं उत्तर दिलं: ‘मस्ट’ कच्चं नाही, ते फक्त ‘मी हे पाहिलेलं नाही, अनुमानाने काढलंय’ अशी खूण करतं. तीन डब्यांपैकी एकात चेंडू आहे, पहिले दोन उघडून पाहिले आणि रिकामे निघाले, तर ‘इट मस्ट बी इन द थर्ड’. इथे शंकेला जागाच नाही, तरी ‘मस्ट’ चपखल बसतं.

हे अनुमान हाताशी असलेल्या पुराव्यावरून काढलेलं असतं, म्हणून ते आजच्या किंवा होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल चालतं. उद्याच्या पावसाबद्दल ‘इट मस्ट रेन टुमॉरो’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला तो अंदाज वाटत नाही, पाऊस पडलाच पाहिजे असा हट्ट वाटतो. भविष्याची खात्री द्यायची तर ‘इट इज बाउंड टु रेन’ म्हणायचं. हट्ट की अनुमान, हे ओळखायला पुढचं क्रियापद बघावं. ‘मस्ट’नंतर ‘बी’, ‘नो’, ‘हॅव’ अशी स्थिती दाखवणारी क्रियापदं आली, किंवा ‘बी’नंतर ‘-इंग’ लावलेलं क्रियापद असलं, तर बहुधा अनुमान. ‘गो’, ‘पे’, ‘साइन’ अशी कृती आली तर बहुधा सक्ती. ‘ही मस्ट वर्क हार्ड’ दोन्हीकडे झुकतं, पण ‘ही मस्ट बी वर्किंग हार्ड’ अनुमानच.

दारावरची बेल वाजली आणि पोस्टमनची वेळ झालेली असली तर ब्रिटिश माणूस ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणतो. आधार पुराव्याचा नाही, रोजच्या क्रमाचा. मराठी माणूस इथे थोडा घसरतो, कारण आपलं ‘असेल’ फार ऐसपैस आहे. ‘पोस्टमन असेल’ हे ठामपणेही म्हणता येतं आणि खांदे उडवूनही. फरक सुरात असतो. इंग्रजीत तो क्रियापदातच करावा लागतो: रोजची सवय असेल तर ‘विल’, खुणेवरून ओळखलं असेल तर ‘मस्ट’, नुसता तर्क असेल तर ‘मे’ किंवा ‘कुड’.

‘शुड’चा आधार आणखी वेगळा: सगळं ठरल्याप्रमाणे चाललं तर. ‘द ट्रेन शुड बी हिअर बाय टेन’ हे आपल्या ‘गाडी दहापर्यंत यायला हवी’सारखंच आहे, तशीच दुहेरी छटा असलेलं. पण ‘शुड’ अपेक्षित आणि बहुतेकदा हव्याशा गोष्टींसोबतच शोभतं. गाडी घसरेल असा अंदाज ‘द ट्रेन शुड डिरेल’ या शब्दांत कुणी देत नाही. मराठीतल्या ‘असावा’ला ही अट नाही. ‘तो आजारी असावा’ हा निव्वळ तर्क आहे. त्यावरून बेतलेलं ‘ही शुड बी सिक’ ऐकून इंग्रजी माणूस चक्रावतो, कारण त्याच्या कानाला ते ‘त्याने आजारी पडायला हवं’ असं ऐकू येतं. इथे ‘ही मस्ट बी सिक’च हवं. मराठीभाषकांच्या इंग्रजीतली ही चूक मला सगळ्यात दुर्लक्षित वाटते. शिक्षक ‘शुड’चा अर्थ ‘पाहिजे’ एवढाच सांगून पुढे जातात.

दुसरी चूक ‘शकतो’मुळे होते. ‘उद्या पाऊस पडू शकतो’चं इंग्रजी सर्रास ‘इट कॅन रेन टुमॉरो’ असं केलं जातं. ‘कॅन’ हे एखाद्या गोष्टीचा स्वभाव सांगतं: मुंबईत जूनमध्ये धो धो पाऊस पडू शकतो, ‘इट कॅन पोअर इन जून’. एका ठरावीक दिवसाच्या शक्यतेसाठी ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ लागतं. विज्ञानाच्या लेखनात हा भेद फार कामाचा आहे. एखादं रसायन कर्करोग ‘कॅन कॉज’ म्हटलं तर तो गुणधर्म सिद्ध झालेला आहे. ‘मे कॉज’ म्हटलं तर बहुधा अजून ठरायचंय. ‘मे’ आणि ‘माइट’ यांच्यात मात्र अनेक बोलणारे काही फरक करत नाहीत. ‘माइट’ थोडं दूरचं वाटतं, कारण ते ‘मे’चंच जुनं भूतकाळी रूप आहे. शिवाय ‘मे’ पुस्तकी होत चाललंय. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९६१ आणि १९९१ च्या ब्रिटिश छापील इंग्रजीचे प्रत्येकी सुमारे दहा लाख शब्दांचे संग्रह ताडून पाहिले, तेव्हा ‘मे’चा वापर सुमारे १७ टक्क्यांनी आणि ‘मस्ट’चा सुमारे २९ टक्क्यांनी घटलेला दिसला.

नकारात तर तक्ता साफ कोसळतो. ‘ही मे नॉट बी होम’ म्हणजे तो घरी नसेलही. ‘ही कान्ट बी होम’ म्हणजे तो घरी असणं शक्यच नाही. पहिल्यात ‘नॉट’ पुढच्या क्रियेला लागतं, दुसऱ्यात खुद्द शक्यतेला. त्यामुळे अनुमानाच्या ‘मस्ट’चं उलट ‘मस्ट नॉट’ नव्हे, ‘कान्ट’. ‘मस्ट नॉट’ ऐकलं की ब्रिटिश कानाला आधी मनाई ऐकू येते. अमेरिकेत मात्र ‘ही मस्ट नॉट बी होम’ अनुमान म्हणूनही चालतं.

भूतकाळासाठी ‘हॅव’ची कुबडी घ्यावी लागते. ‘मस्ट’ स्वतःच जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे, आता त्याला आणखी मागे जाता येत नाही. म्हणून ‘शी मस्ट हॅव लेफ्ट’: ती गेली असणार. ‘ही मे हॅव ड्राउन्ड’ म्हणजे तो बुडाला असेल, अजून कळलेलं नाही. ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’मध्ये तो सुखरूप काठावर उभाही असू शकतो: बुडाला असता, थोडक्यात वाचला. हल्ली वाचलेल्या माणसाबद्दलही ‘मे हॅव’ छापून येतं आणि जुन्या वळणाचे संपादक त्यावर अजून चिडतात. बोलताना ‘हॅव’चं नुसतं ‘-व्ह’ उरतं, त्यामुळे जन्माने इंग्रजीभाषक असलेले लोकही ते ‘ऑफ’ असं लिहून बसतात.

मग खरोखर आकडा हवा असेल तेव्हा? तेव्हा जाणकार मोडल बाजूला ठेवतात. सीआयएच्या अंदाज विभागाने मार्च १९५१ मध्ये लिहिलं की युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे. त्या विभागातले शर्मन केंट यांच्या मनात हल्ल्याच्या बाजूने ६५ विरुद्ध ३५ होतं. सहकाऱ्यांना विचारलं तर कुणाच्या मनात २० विरुद्ध ८० होतं, कुणाच्या ८० विरुद्ध २०, आणि वाक्यावर सगळ्यांचं एकमत! केंट यांनी १९६४ मध्ये शब्दांना टक्के जोडून दिले: ‘प्रॉबेबल’ म्हणजे ७५, बारा इकडे-तिकडे. ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ यांना मात्र त्यांनी आकडा दिला नाही. शक्यता आहे पण तिचं माप काढता येत नाही, अशाच वेळी ते वापरावेत असं त्यांचं म्हणणं होतं.

हवामानबदलावरच्या आयपीसीसीच्या अहवालांतही शक्यतेची पट्टी ‘लाइकली’, ‘व्हेरी लाइकली’ अशा शब्दांची आहे, मोडलची नाही. तिथे ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९०. आपल्या हवामान खात्याच्या बुलेटिनची पट्टी निराळी आहे: ‘लाइकली’ २५ ते ५०, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५ आणि त्याच्या वर ‘मोस्ट लाइकली’. बुलेटिन वाचताना पट्टी कुणाची ते आधी बघावं. औषधाच्या चिठ्ठीवरही ‘मे कॉज ड्राउझिनेस’ एवढ्यावरून गुंगी किती जणांना येते ते कळत नाही. युरोपीय पद्धतीच्या माहितीपत्रकात ते पुढे वेगळं दिलेलं असतं: ‘व्हेरी कॉमन’ म्हणजे दहातल्या किमान एकाला, ‘कॉमन’ म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना, ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा जणांना.