कुत्र्या-मांजरांचा हाडाचा कॅन्सर: केमोच्या आधी दरवेळी रक्ताचा रिपोर्ट का लागतो?

"मागच्या वेळी रिपोर्ट चांगला आला होता, मग आज परत रक्त कशाला?" हे आम्हाला नागपूरच्या आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात सारखं ऐकू येतं. विचारणारे बरेचदा वर्ध्याहून, भंडाऱ्याहून गाडी करून आलेले असतात. त्यांना इंजेक्शन न देता परत पाठवणं आमच्याही जिवावर येतं, म्हणून एकदा नीट सांगतो.

कुत्र्यांमध्ये निदान होईपर्यंत या कॅन्सरच्या पेशी बहुतेकदा फुप्फुसात पोचलेल्या असतात, फक्त एक्स-रेत दिसत नाहीत. नुसता पाय काढला तर साधारण ४-५ महिने मिळतात, सोबत कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध दिलं तर १० ते १२. सहसा ३ आठवड्यांच्या अंतराने ४ ते ६ डोस लागतात.

हेच औषध बोन मॅरोलाही, म्हणजे रक्तपेशी बनवणाऱ्या हाडातल्या गरालाही, दाबतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जातात. कुत्र्यात डोसनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात, मांजरात त्याहून उशिरा. त्या भरून आल्या की नाही हे वरून कळत नाही. पोरगं पोटभर जेवतं, शेपटी हलवतं आणि न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) निघतात १,००० च्या आत! अशा वेळी डोस दिला तर साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. आम्ही आठवडाभर थांबतो आणि पुन्हा तपासतो. औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिनही बघतो. डोस वजनावरून काढलेला असतो, तेव्हा वजन दरवेळी आमच्याच काट्यावर.

एवढंच करा: इंजेक्शनच्या आदल्या दिवशी रक्त तपासायला द्या. नागपुरातले असाल तर आमच्याकडे या, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. बाहेरगावचे असाल तर जवळच्या पशुवैद्यांकडून तपासून पाठवा, आम्ही होकार दिल्यावरच गाडी काढा. माणसांच्या लॅबमधले आकडे, मांजरीच्या प्लेटलेटचे तर विशेष, भरवशाचे नसतात. डोस पुढे गेला तर त्या दिवसाची फी आम्ही घेत नाही.

मांजरीत हा कॅन्सर कमी पसरतो. पाय काढल्यावर अनेकींना केमो लागतही नाही. सिस्प्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध मात्र मांजरीला कधीच नाही, ते तिच्यासाठी जीवघेणं आहे. लंगडते म्हणून घरातली पॅरासिटामॉलही देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. दुखण्यासाठी रात्री-अपरात्री फोन केलात तरी चालेल.

एप्रिल-मेमध्ये इंजेक्शन फक्त सकाळी ८ ते १०, उन्हाच्या आत घरी पोचता यावं म्हणून.