जुनं इरेझर, नवी डिस्क

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की लोक थोडे दिवस कुरकुरतात आणि मग नव्याची सवय होऊन जाते. फाइली कायमच्या पुसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र ही कुरकुर वर्षानुवर्षं टिकते. विंडोजवरचं ‘इरेझर’ हे याचं ठळक उदाहरण. फिनलंडच्या सामी टोल्व्हानेन यांनी १९९० च्या दशकात ते लिहिलं आणि पुढे ते मुक्त परवान्याखाली इतरांनी वाढवलं. पाचव्या मालिकेतल्या आवृत्त्या आटोपशीर होत्या. सेटअप छोटा, जुन्या विंडोजवरही बिनतक्रार चालणारा, आणि त्यासाठी वेगळं काही आधी बसवावं लागत नसे. सहावी आवृत्ती जवळपास मुळापासून नव्याने, सी शार्प भाषेत लिहिली गेली. तिला चालायला मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट फ्रेमवर्क हे वेगळं बसवायचं पूरक सॉफ्टवेअर लागू लागलं आणि तिचा चेहरामोहराही बदलला. तेव्हा पाचवीवरच थांबलेली मंडळी पुढे बरीच वर्षं तिथेच राहिली.

त्यांच्या या पसंतीला हट्ट म्हणून मोडीत काढू नये. पुसण्याच्या कामात एक अडचण आहे, जी इतर सॉफ्टवेअरमध्ये नसते. लेखन करायचं सॉफ्टवेअर बिघडलं तर पानावर दिसतं, फोटोचं बिघडलं तर फोटो खराब येतो. पुसण्याचं काम नीट झालं काय किंवा अर्धवट राहिलं काय, डोळ्यांना दोन्ही वेळा एकच दिसतं, ते म्हणजे फाइल तिथे नाही. त्यामुळे भरवसा ठेवायला वापरणाऱ्याकडे फक्त सॉफ्टवेअरचं वागणं उरतं. जुनी आवृत्ती राइट-क्लिक करून चालवली की समोर प्रगतीची पट्टी सरकत राही आणि शेवटी अहवालाची खिडकी उघडे. त्यात किती भाग पुसला, ‘क्लस्टरची टोकं’ किती (ती काय, ते पुढे येईलच), एकूण किती माहिती लिहिली गेली, वेळ किती लागला, हे आकड्यांत दिलेलं असे. नव्या आवृत्तीत हेच काम यादीतलं एक ‘टास्क’ होतं, पडद्यामागे चालतं आणि घड्याळाजवळ छोटीशी सूचना येऊन जाते. रोज रात्री ठरावीक फोल्डर पुसायचा असेल तर ही रचना उत्तमच आहे. पण ज्याला एकच फाइल, आत्ता, डोळ्यांदेखत नाहीशी करायची आहे, त्याला जुनी खिडकी जवळची वाटणारच. मला तर ही मागणी रास्त वाटते. नाजूक काम करणाऱ्या साधनाने काय केलं ते सविस्तर सांगावं, ही अपेक्षा फार मोठी नाही.

प्रश्न एवढाच की त्या अहवालातले आकडे नेमके कशाबद्दल बोलतात.

त्यासाठी डिस्कच्या जवळ जावं लागेल. विंडोजमध्ये फाइल डिलीट केली, रीसायकल बिनही रिकामा केला, तरी मजकूर हलत नाही. एनटीएफएस या डिस्कवर फाइली मांडण्याच्या विंडोजच्या पद्धतीत प्रत्येक फाइलची एक नोंद असते, साधारण १,०२४ बाइटची. डिलीट करताना त्या नोंदीवर ‘ही आता वापरात नाही’ अशी खूण होते आणि फाइलने अडवलेली जागा मोकळी असल्याचं डिस्कच्या नकाशात लिहिलं जातं. एवढंच. जुन्या फॅट पद्धतीत फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर एका खास खुणेने बदललं जातं आणि तिची जागा मोकळी असल्याची नोंद होते. मजकूर असलेल्या जागेवर दुसरी फाइल येऊन बसेपर्यंत तो तिथेच असतो आणि फाइली परत मिळवून देणारी सॉफ्टवेअरं त्यावरच जगतात.

शिवाय जागा सुट्या बाइटांनी दिली जात नाही, क्लस्टरने दिली जाते. एक क्लस्टर बहुधा ४,०९६ बाइटचा असतो. समजा तुमची फाइल १०,००० बाइटची आहे. तिला तीन क्लस्टर मिळतात, म्हणजे १२,२८८ बाइट. उरलेल्या २,२८८ बाइटांत त्याआधी तिथे राहून गेलेल्या फाइलचा तुकडा तसाच शिल्लक असू शकतो. ही ‘क्लस्टरची टोकं’. फाइल पुसायची म्हणजे हे टोकही पुसायला हवं, नाहीतर भलत्याच कुणाच्या तरी पत्राचा शेवट तिथे सापडतो. उलट, एखादी फाइल काहीशे बाइटांचीच असेल, समजा पासवर्ड लिहून ठेवलेली चिठ्ठी, तर तिला क्लस्टर मिळतच नाही. ती थेट त्या १,०२४ बाइटच्या नोंदीतच मावते. मोकळी जागा कितीही घासली तरी तिथे हात पोहोचत नाही, नोंदींच्या तक्त्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. नावाचंही तसंच आहे. मजकूर गेला तरी ‘राजीनामा-मसुदा’ हे नाव नोंदीत राहिलं तर पुष्कळ काही कळून जातं. मायक्रोसॉफ्टचं एसडिलीट हे छोटं साधन म्हणूनच फाइल डिलीट करण्याआधी तिचं नाव २६ वेळा बदलतं, दर वेळी सगळी अक्षरं इंग्रजी वर्णमालेतल्या पुढच्या एका अक्षराने भरून.

चांगलं पुसणारं सॉफ्टवेअर ओळखायचं ते अशा कोपऱ्यांवरून. त्याच जागेवर किती वेळा नवीन काही लिहितं, म्हणजे किती ‘फेऱ्या’ मारतं, यावरून नाही. जुन्या आवृत्तीचे चाहते इथे मात्र हमखास चुकीच्या गोष्टीसाठी भांडतात.

इरेझरमधली ३५ फेऱ्यांची पद्धत पीटर गटमन या संशोधकाच्या नावाने ओळखली जाते. १९९६ मध्ये त्यांनी एका निबंधात प्रश्न मांडला होता की चुंबकीय डिस्कवर नवीन माहिती लिहिली तरी जुनीची पुसट छाप उरते का, आणि खास उपकरणांनी ती वाचता येईल का. त्यावर उपाय म्हणून त्यांनी सुचवलेल्या क्रमात सुरुवातीला ४ फेऱ्या यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, माहितीच्या, मग २७ ठरावीक नमुन्यांच्या आणि पुन्हा ४ यादृच्छिक. मधले २७ नमुने त्या काळी हार्ड डिस्कवर माहिती साठवण्याच्या ज्या निरनिराळ्या पद्धती होत्या, त्या सगळ्यांना पुरे पडावेत म्हणून होते. कोणत्याही एका डिस्कला ते सगळे कधीच लागत नव्हते. गटमन यांनी स्वतःच नंतर निबंधाला पुरवणी जोडून लिहिलं की लोक याला तांत्रिक उपायाऐवजी मंत्रतंत्र समजू लागले आहेत आणि नव्या डिस्कवर ३५ फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. पुढे २००८ मध्ये क्रेग राइट आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवलं की एकदा नीट वर लिहिलं की सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा मूळ मजकूर जुळवता येत नाही. सुटा बिट (० की १) ओळखण्याची शक्यता छापा-काट्यापेक्षा थोडीफार बरी असू शकते, पण बिटामागून बिट जोडत गेलं की ती झपाट्याने शून्याकडे जाते.

हिशोब मांडला तर ३५ फेऱ्यांची किंमत कळते. १ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने लिहीत असेल, तर एका फेरीला १ तास ५० मिनिटं लागतात. ३५ फेऱ्यांना जवळपास ६५ तास. पावणेतीन दिवस यंत्र अडकून पडतं आणि पदरात पडतं ते पहिल्याच फेरीत मिळालेलं असतं. इरेझरमध्ये फाइलींसाठी गटमनची पद्धत कित्येक वर्षं आपोआप निवडलेली येई, त्यामुळे ‘जास्त फेऱ्या म्हणजे जास्त सुरक्षा’ ही समजूत पक्की झाली.

मग जुनी आवृत्ती एका फेरीवर लावून वापरली की झालं? फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर आणि त्याच काळातल्या विंडोजवर, हो. पण विंडोज बदललं. व्हिस्टा आवृत्तीपासून ते फाइलींच्या आधीच्या अवस्था जपून ठेवू लागलं. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. एकदा ‘रिस्टोअर पॉइंट’, म्हणजे गरज पडल्यास परत जाता यावं म्हणून केलेली त्या क्षणाची नोंद, घेतला गेला, की त्यानंतर एखाद्या जागेवर पहिल्यांदा नवीन काही लिहिलं जाताना तिथला जुना मजकूर आधी उचलून वेगळ्या राखीव जागेत ठेवला जातो आणि मग नवीन लिहू दिलं जातं. म्हणजे तुम्ही फाइल पुसण्यासाठी तिच्यावर लिहायला जाता आणि त्या लिहिण्यानेच तिची एक प्रत सुरक्षित जागी जाऊन बसते! फाइलपुरतं पाहणाऱ्या साधनाला याचा पत्ताही लागत नाही, मग ती आवृत्ती जुनी असो की नवी. रिस्टोअर पॉइंट आधी काढून टाकले आणि मग मोकळी जागा पुसली, तरच ती प्रत जाते. एनटीएफएसमध्ये संकुचित (कॉम्प्रेस) करून ठेवलेल्या फाइलींचाही असाच घोळ आहे. त्यांच्यावर लिहिलेलं मूळ जागेवर न पडता दुसरीकडेच पडू शकतं.

खरा उलथापालथ करणारा बदल यानंतरचा. तबकडी गेली आणि एसएसडी, म्हणजे फ्लॅश चिपवर माहिती साठवणारा ड्राइव्ह, आली.

फ्लॅश चिपमध्ये माहिती ‘पान’ नावाच्या छोट्या तुकड्यांत लिहिली जाते, आणि एकदा लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, आधी ते कोरं करावं लागतं. आणि कोरं करायचं एकक पान नसून शेकडो पानांचा ठोकळा असतो. शिवाय प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळाच कोरा करता येतो, मग झिजतो. म्हणून ड्राइव्हमधला नियंत्रक एक युक्ती करतो. विंडोजने ‘अमुक क्रमांकाच्या जागेवर लिही’ म्हटलं की तो भलतंच कोरं पान शोधून तिथे लिहितो आणि आपल्या अंतर्गत नकाशात नोंद करतो की अमुक क्रमांक आता इथे आहे. जुनं पान मजकुरासकट मागे राहतं, ठोकळा साफ करण्याची पाळी येईपर्यंत. बाहेरून मात्र सारं चोख दिसतं. पुसणारं सॉफ्टवेअर त्या क्रमांकावर जाऊन वाचतं, त्याला आपणच लिहिलेली यादृच्छिक माहिती मिळते आणि ते अहवालात ‘पुसलं’ असं लिहितं. ते खोटं बोलत नाही. डिस्कने जे सांगितलं तेच ते पुढे सांगतं. ३५ फेऱ्या मारल्या तर ३५ वेगवेगळी पानं भरली जातात. १ जीबीच्या फाइलसाठी ३५ जीबी लिहिलं जाऊन ड्राइव्ह तेवढा झिजतो आणि मूळ पान कदाचित जिथल्या तिथेच असतं.

हे कुणाच्या अंदाजावर सोडलेलं नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मायकेल वेई, स्टीव्हन स्वॉन्सन आणि सहकारी यांनी २०११ मध्ये ड्राइव्ह उघडून नियंत्रकाला बगल देत चिपमधला मजकूर थेट वाचला. एकेकटी फाइल पुसण्याच्या रूढ पद्धती त्यांनी वापरून पाहिल्या, तेव्हा एसएसडीवर फाइलच्या मजकुरातला ४ ते ७५ टक्के भाग शिल्लक सापडला. यूएसबी ड्राइव्हवर काही वेळा त्याहूनही जास्त. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. संपूर्ण ड्राइव्ह पुसून टाकायची जी आज्ञा उत्पादकच ड्राइव्हमध्ये देतात, तीसुद्धा सगळ्यांनी नीट पाळली नाही. एका ड्राइव्हने काम फत्ते झाल्याचं कळवलं आणि माहिती जशीच्या तशी होती.

अॅपलने यावर घेतलेला निर्णय मला योग्य वाटतो. मॅकमध्ये कचरापेटी ‘सुरक्षितपणे’ रिकामी करायचा पर्याय कैक वर्षं होता. २०१५ च्या एल कॅपिटन आवृत्तीत तो काढून टाकला गेला, कारण फ्लॅशवर त्याची खात्री देता येत नव्हती. तेव्हाही अनेकांना जुनी आवृत्ती बरी वाटली, कारण तिच्यात बटण होतं. ते बटण पाळता न येणारं वचन देत होतं, हे मेनूत पाहून कळणारं नव्हतं.

एसएसडीवर चालणारा उपाय पुसण्याच्या आधीपासून सुरू होतो. ड्राइव्ह पहिल्या दिवसापासून पूर्ण कूटबद्ध (एन्क्रिप्ट) ठेवायचा, विंडोजमध्ये बिटलॉकरने किंवा मॅकमध्ये फाइलव्हॉल्टने. मग मागे राहिलेली पानं राहिली तरी किल्लीशिवाय ती निरर्थक असतात आणि ड्राइव्ह दुसऱ्याला देताना किल्ली नष्ट केली की पुरतं. आधीच उघड्या फाइली ठेवून झाल्या असतील, तर उत्पादकाच्या साधनाने संपूर्ण ड्राइव्हला सॅनिटाइझची, म्हणजे सगळं पुसून टाकायची, आज्ञा द्यावी. मजकूर फारच नाजूक असेल तर चिप फोडाव्यात, अमेरिकेच्या मानक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही शेवटचा पर्याय म्हणून नाश हाच सांगतात. एकेक फाइल वेचून पुसण्याच्या साधनांवर, मग इरेझरची आवृत्ती पाचवी असो की सहावी, तिथे विसंबू नये.

आणि कपाटात अजून तबकडीवाली डिस्क असलेलं, विंडोज एक्सपीच्या काळातलं यंत्र असेल, ते कुणाला देऊन टाकायचं असेल, तर पाचवी आवृत्ती खुशाल वापरा. तिथे ती आजही पूर्ण काम करते. नवीला लागणारं डॉट नेट त्या यंत्रावर चढवत बसण्यात काही हशील नाही. फक्त सेटिंगमध्ये जाऊन गटमनच्या जागी यादृच्छिक माहितीची एक फेरी निवडा, क्लस्टरची टोकं आणि फाइलींची नावं पुसण्याच्या चौकटींवर खूण आहे ना ते बघा, फाइलींनंतर मोकळी जागाही एकदा पुसून घ्या, आणि शेवटी येणारा अहवाल बंद करण्याआधी वाचा, कारण एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडी धरून ठेवल्यामुळे पुसायची राहिली असेल तर ते तिथेच लिहिलेलं असतं.